संगीत माणसाला कशासाठी लागलं? एका पखवाजवाल्याचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: संगीताने पोट भरत नाही, शिकार मिळत नाही, थंडी वाजायची थांबत नाही, तरी माणूस जिथे जिथे गेला तिथे ते सोबत कसं गेलं? उत्क्रांतीत त्याचा खरंच काही रोल होता का, की हे सगळं मागाहून चिकटवलेलं शहाणपण?

मी पखवाज वाजवतो, भजनी मंडळांना साथ करतो, पोरांना शिकवतो, आषाढीला दिंडीत वाजवत चालतो, आणि गेली बरीच वर्षं या विषयावरचे रिसर्च पेपर वाचायचा नाद लागलाय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगू शकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. संगीताने माणसं जोडली ती सुरामुळे कमी आणि टाइमिंगमुळे जास्त. पुढचा ठोका कधी पडणार हे दहा जणांना एकदम, ठोका पडायच्या आधी कळणं, सगळी मेख तिथे आहे. गोड गळा, राग, चाली हे फार नंतरचं.

जुनं भांडण आधी उरकून घेऊ. डार्विन १८७१ साली लिहून गेला की गायची आणि गाण्यात आनंद घ्यायची क्षमता रोजच्या जगण्यात काडीच्या उपयोगाची दिसत नाही, म्हणून ती माणसाच्या सगळ्यात गूढ गोष्टींपैकी एक मानायला हवी. त्याचा स्वतःचा अंदाज असा की हे पक्ष्यांसारखं जोडीदार पटवायला सुरू झालं असणार, तेही भाषेच्या आधी. १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकरने दुसरं टोक गाठलं, संगीत म्हणजे कानांसाठी चीजकेक, भाषेसाठी आणि आवाज ओळखण्यासाठी मेंदूत जे आधीच होतं त्याला गुदगुल्या करणारी मिठाई, बाकी उपयोग शून्य. संगीतवाले त्याच्यावर अजून चिडून आहेत. मला मात्र डार्विनचीच अडचण जास्त वाटते, कारण जोडीदार पटवणं एवढंच कारण असतं तर आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या आज्या पहाटे काकड्याला कुणाला पटवायला गातात, आणि तेही घोळक्याने?

आता माकडांकडे या. गडावर, घाटात माकडांची टोळी बघितली असेल तर हे दृश्य ठरलेलंच, एक निवांत बसलंय आणि दुसरं त्याच्या पाठीवरचे केस बाजूला करून काहीतरी वेचतंय. साफसफाई हे निमित्त, खरं काम दोस्तीचं. केसांतून हळूहळू बोटं फिरली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, शरीराची घरची अफूच ती, आणि जो ती मिळवून देतो तो आपला वाटायला लागतो, भांडणात तो आपल्या बाजूने उभा राहतो. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी इथे एक साधं गणित मांडलं. हे काम एका वेळी एकाचंच करता येतं. टोळी जेवढी मोठी तेवढा वेळ जास्त जातो, पण दिवसाच्या पाचव्या भागाच्या पुढे कुठलंच माकड जाऊ शकत नाही, मग खायचं कधी? तेवढ्या वेळात पन्नासेक जणांची टोळी कशीबशी बांधून ठेवता येते. माणसाचे गट त्याहून मोठे, डनबार दीडशे म्हणतात, त्या आकड्यावर भरपूर टीका झालीय पण माकडांपेक्षा मोठे एवढं तरी कुणी नाकारत नाही. मग मधली तूट कशाने भरून निघाली? त्यांचं उत्तर असं की हात न लावता अनेकांना एकदम कुरवाळता येईल अशा गोष्टींनी. एकत्र हसणं, एकत्र गाणं, एकत्र नाचणं, आणि नंतर कधीतरी गप्पा.

हे ऐकायला छान आहे पण पुरावा काय? एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड, त्यासाठी मणक्यातलं पाणी काढा नाहीतर महागडं स्कॅन करा. म्हणून संशोधकांनी जुगाड काढलाय, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून फुगवत जायचं आणि माणूस "बास, दुखतंय" कधी म्हणतो ते बघायचं. एंडॉर्फिन सुटलेलं असेल तर तो उशिरा म्हणतो. ऑक्सफर्डच्या होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंवर हे करून बघितलं, जिममधल्या मशीनवर एकदा एकेकट्याने वल्हवलं आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत. मेहनत तेवढीच पण एकत्र वल्हवल्यावर दुखणं सोसायची ताकद वाढलेली. यात गाणं नाहीच हे लक्षात घ्या, फक्त लय. पुढे हेडफोन लावून नाचायचा प्रयोग झाला, त्यातही ज्यांच्या हालचाली एकमेकांशी जुळल्या त्यांची ताकद जास्त आणि जवळीकही जास्त. आणि लंडनमध्ये २०१६ साली एका कॉयरवर अभ्यास झाला, वीस ते ऐंशी जणांचे छोटे गट वेगवेगळे गायले आणि मग २३२ जण एकत्र गायले. मोठ्या जमावात बहुतेकांची एकमेकांशी ओळखही नव्हती तरी जवळीक वाटण्यातली वाढ तिथेच जास्त निघाली. केस विंचरून २३२ जणांना जवळ आणायचं म्हटलं तर महिना जाईल.

वारीत चाललेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आळंदीहून निघालेल्या माउलींच्या सोहळ्यात रथाच्या पुढे आणि मागे दिंड्या असतात, प्रत्येकीत विणेकरी, मृदंगवाले, टाळकऱ्यांच्या रांगा. कोण कुठल्या गावचा, काय करतो, कुणाला पत्ता नसतो, पण टाळ जुळलेले असतात आणि पाय टाळाशी जुळलेले असतात, आणि दुपारच्या उन्हात पायाला फोड आलेला माणूस दिंडीत ज्या वेगाने चालतो त्या वेगाने एकटा चालूच शकत नाही, हे मी स्वतःवर आणि शेजाऱ्यावर दरवर्षी बघतो. पट्टा फुगवायची गरज नाही. पण मला त्याहून भारी वाटतो तो मुक्कामाच्या तळावरचा प्रकार. संध्याकाळी समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप वर करतो आणि एवढ्या प्रचंड जनसमुदायातले टाळ-मृदंग एकदम थांबतात, चिडीचूप. आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणी त्रास दिला, काही हरवलं, ती दिंडी मुद्दाम टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो. म्हणजे एकत्र थांबण्याची सवय एवढी पक्की आहे की न थांबणं हाच अर्ज होतो, माइक नाही, फॉर्म नाही. समूहाचं टाइमिंग म्हणजे नुसती मजा नसून त्यात कारभार चालतो हे मला तिथे पटलं.

आता टाइमिंगबद्दल जरा जास्त बोलतो कारण माझा धंदाच तो आहे.

नवीन बॅचला पहिल्या दिवशी मी पखवाजाला हात लावू देत नाही. गोल बसवतो, धुमाळीच्या आठ मात्रा बोटांवर मोजायला लावतो आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, टाळी. सुरुवातीला प्रत्येक जण शेजाऱ्याची टाळी ऐकून मग आपली देतो, त्यामुळे आवाज फाटका येतो, ठर्रर्र असा. मी काही बोलत नाही, चालू ठेवतो. थोड्या वेळाने एखादं पोरगं ऐकून टाळी द्यायचं सोडतं आणि अंदाजाने द्यायला लागतं, मग त्याच्या शेजारचं, आणि पाच-सात आवर्तनांत अचानक तो फाटका आवाज मिटतो आणि वीस हातांची एकच टाळी पडते, कोरडी, टोकदार, भिंतीवरून परत येणारी. त्या क्षणी पोरं एकमेकांकडे बघून हसतात. प्रत्येक बॅच हसते. हसा असं कुणी सांगितलेलं नसतं, विनोद झालेला नसतो. काही तर दचकून हसतात.

हे ऐकून टाळी देणं आणि अंदाजाने टाळी देणं, यातला फरक प्रयोगशाळेतही दिसतो. माणसाला मेट्रोनोमसोबत, म्हणजे एका वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्रासोबत, बोटाने ठोके द्यायला सांगितले तर बहुतेकांचा ठोका मेट्रोनोमच्या किंचित आधी पडतो, काही मिलिसेकंद आधी. म्हणजे आपण आवाजाला उत्तर देत नाही, आवाजाची वाट बघत आधीच तिथे जाऊन थांबतो. ऱ्हीसस माकडांना हेच करायला महिनोन्महिने ट्रेनिंग द्यावं लागतं आणि सहसा त्यांचा ठोका मागून येतो. चिंपांझी झाडांच्या रुंद मुळांवर हातापायांनी ढोल बडवल्यासारखं बडवतात, जोरात बडवतात, पण दहा चिंपांझी एका लयीत बडवतायत असं होत नाही. गंमत म्हणजे स्नोबॉल नावाचा एक काकाकुवा गाण्याच्या ठेक्यावर मान हलवतो हे २००९ मध्ये सिद्ध झालं, गाण्याची लय बदलली तरी तो बदलतो. त्यावरून संशोधक अनिरुद्ध पटेल यांनी म्हटलं की आवाजांची नक्कल करायची क्षमता असलेल्या प्राण्यांनाच ठेका पकडता येत असावा, पोपट करतात, माणूस करतो, माकडं करत नाहीत. छान थिअरी होती, आणि मग २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात रोनन नावाची एक सी-लायन आली जी नक्कल करणाऱ्यांतली नाही पण ठेक्यावर मान मस्त हलवते, कदाचित माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा बरी. तेव्हा प्रकरण अजून मिटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र वाजवणारा प्रत्येक जण जाणतो, एकत्र वाजवताना लय चढते. भजन विलंबितात सुरू करा, कुणी ठरवून काही करू नका, पंधरा मिनिटांत द्रुत झालेलं असतं. यावरही अभ्यास झालेत, मेट्रोनोमशिवाय दोन जणांना मिळून ठोके द्यायला सांगितले तर वेग वाढत जातो, एकट्याने दिले तर एवढा वाढत नाही. मला वाटतं जो जरासा आधी येतो त्याच्याकडे सगळे ओढले जातात, उशिरा येणाऱ्याची वाट कुणी बघत नाही. पखवाजवाल्याचं निम्मं काम हा चढ धरून ठेवायचं असतं, आणि उरलेलं निम्मं म्हणजे तो नेमका कधी सोडायचा. सोडला की गजरात जे होतं ते बघायला लोक येतात.

हे फक्त देवळातलं आणि उत्सवातलं नाही. जातं आठवा, नसेल आठवत तर आजीला विचारा. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून ओढायच्या, एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू झाली पाहिजे, मधे अर्धा क्षण गेला तर पाळू अडखळतं आणि झटका खांद्याला बसतो. ओवीने तो अर्धा क्षण सांभाळला. आणि त्या लयीच्या आडोशाने बायकांनी काय काय सांगून घेतलं, माहेर, सासू, भाऊ, पंढरपूर, आंबेडकर, सगळं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी मावळातून आणि आसपासच्या भागातून सुरू करून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मी तर म्हणेन बॉन्डिंग शिकायला कॉर्पोरेट ट्रेनिंगपेक्षा हे ऐका. कापणीची भलरी तीच गोष्ट, विळे एका लयीत चालले की ओळ मागेपुढे होत नाही आणि कंटाळाही कमी येतो. लय आधी कामासाठी आली की आनंदासाठी हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मला ते दोन वेगळे प्रश्न वाटतही नाहीत.

बाळांचं बघा. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून ड्रमचा ठेका ऐकवला आणि मधेच सम गाळली तर मेंदूत "अरे, काहीतरी चुकलं" असा सिग्नल उमटला, हा २००९चा प्रयोग. आणि कॅनडात लॉरेल ट्रेनर यांच्या लॅबमध्ये चौदा महिन्यांच्या बाळांना एकीने पोटाशी बांधून गाण्यावर उडवलं, समोर दुसरी बाई उडत होती, काहींच्या लयीत, काहींच्या बेलयीत. मग त्या समोरच्या बाईच्या हातून कपड्याचा चिमटा वगैरे 'चुकून' पडला. लयीत उडालेली बाळं उचलून द्यायला जास्त धावली. यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे समोरची बाई त्याच लयीत पण बरोबर उलट उडाली, बाळ वर तेव्हा ती खाली, तरी परिणाम तोच. म्हणजे सारखं करणं गरजेचं नाही, अंदाज बांधता आला पाहिजे. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींचंही तेच होतं की.

हाडांच्या बासऱ्यांबद्दल विचारणार हे माहितीय. जर्मनीत होले फेल्स गुहेत २००८ मध्ये गिधाडाच्या हाडाची पाच भोकांची बासरी मिळाली, साधारण ३५ ते ४० हजार वर्षं जुनी, जवळच्याच दुसऱ्या गुहेत मॅमथच्या हस्तिदंताची मिळाली, जी दोन फाका कोरून परत चिकटवून बनवलेली आहे, म्हणजे हे कुण्या नवशिक्याचं काम नव्हे. स्लोव्हेनियातलं भोकं पडलेलं अस्वलाचं हाड निअँडरथलची बासरी आहे असं सांगतात, पण ती भोकं प्राण्याच्या दातांची असू शकतात, त्यावर वाद चालू आहे. माझा मुद्दा वेगळाय. बासरी मिळाली म्हणजे संगीत तेव्हा सुरू झालं असं नाही. टाळीचं जीवाश्म होत नाही. कातडं कुजतं, पोकळ ओंडका कुजतो, पाय आपटलेली जमीन वाहून जाते. त्यामुळे पुरातत्त्वात जे सगळ्यात उशिरा दिसतं ते हाताला सगळ्यात आधी सुचलेलं असू शकतं.

आता विरोधी पार्टी. २०२१ मध्ये दोन मोठे लेख एकत्रच छापून आले. पॅट्रिक सॅव्हेज आणि मंडळींचं म्हणणं, संगीत हे नातं बांधण्यासाठीच घडत गेलं. सॅम्युअल मेर आणि मंडळींचं म्हणणं, नाही, ते सिग्नल आहे: आमच्या टोळीची एकी किती पक्की आहे हे बाहेरच्यांना दाखवायला, आणि आईचं लक्ष बाळाकडे आहे हे बाळाला कळवायला. आसामातल्या जंगलात हुलॉक गिबनची जोडी पहाटे मिळून ओरडते तेव्हा हद्द सांगते, तसं काहीसं. मला यात एवढं भांडण दिसत नाही. गणपतीत शंभर ढोल एका ठोक्यावर वाजतात तेव्हा आतल्यांना आपण एक आहोत असं वाटतं आणि बाहेरच्या मंडळाला 'यांच्याकडे शंभर जण तालमीला येतात' हे कळतं, दोन्ही एकाच ठोक्यात.

खरी अडचण दुसरीकडून येते. पॅराग्वेतल्या उत्तरेकडच्या 'आचे' नावाच्या आदिवासी लोकांवर २०२५ मध्ये अभ्यास छापून आला. कित्येक वर्षांचं फील्डवर्क, आणि त्यात ना समूहनृत्य दिसलं ना अंगाईगीत. मोठी माणसं गातात, पण एकेकटी. हे त्यांच्याकडे आधी असावं आणि लोकसंख्या घटली तेव्हा विसरलं गेलं असावं असा अंदाज आहे. म्हणजे क्षमता रक्तात असली तरी गाणं शिकवावं लागतं, नाहीतर ते एक-दोन पिढ्यांत जातं. त्यामुळे "संगीत जीन्समध्येच आहे" असं कुणी ठोकून दिलं तर मी मान डोलावत नाही. ठेक्याचा अंदाज घेणारा मेंदू जुना, त्यावर उभं केलेलं भजन, भलरी, कॉयर हे माणसांनी करून ठेवलेलं, आणि केलं तरच टिकणारं.

आणि हे सगळं गोडगोडही नाही. बाळांना उडवणाऱ्या ट्रेनर यांच्याच लॅबमध्ये पुढे दिसलं की लयीत उडालेलं बाळ त्या बाईच्या मैत्रिणीलाही मदत करतं, पण अनोळखी तिसरीला जास्तीची मदत करत नाही. एकी जिथे बनते तिथे कुंपणही बनतं. विल्यम मॅकनील हा अमेरिकन इतिहासकार १९४१ मध्ये सैन्यात भरती झाला, टेक्ससच्या माळावर बिनकामाची कवायत करताना त्याला जो विचित्र आनंद झाला त्यावर त्याने पुढे अख्खं पुस्तक लिहिलं, की सैन्यं तालावर का चालवतात. आपल्याकडे १८९०च्या दशकात गणेशोत्सवाच्या मेळ्यांनी, म्हणजे गाणी म्हणत फिरणाऱ्या गटांनी, लोक जागे केले आणि त्याच मेळ्यांच्या काही गाण्यांनी शेजाऱ्यांत फूटही पाडली. १९३०च्या दशकात आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार उचलून ज्यांना कुणी गटात घेत नव्हतं त्यांचा गट उभा केला. ठेका कुणाच्याही बाजूने वाजतो.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, कारण सोसायटीवाले आणि ऑफिसवाले मला हे विचारतात. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या गाण्याच्या क्लासची हस्तकलेच्या आणि लेखनाच्या क्लासशी तुलना केली. सात महिन्यांनी जवळीक सगळीकडे सारखीच झाली, पण गाणारे पहिल्या महिन्यातच जवळ आले होते. म्हणजे गाण्याने दोस्ती जास्त घट्ट होते असं नाही, लवकर होते. अनोळखी माणसं आहेत आणि वेळ कमी आहे, तिथे गाणं लावू नका, गायला लावा. डीजेपुढे उभं राहून छातीत धडधड होते ती स्पीकरची, शेजाऱ्याशी तुमचं काही जुळलेलं नसतं.

आणि "मला सूरच नाही हो" म्हणणाऱ्यांसाठी. सुरांतला फरक खरोखर न कळणारी माणसं असतात पण शंभरात एखाद-दोनच, बाकीच्यांना शाळेत कुणीतरी गप्प बसवलेलं असतं. तरीही गळा उघडायची लाज वाटत असेल तर भजनात टाळ घ्या. पहिल्या दिवशी पखवाजवाल्याच्या डाव्या हाताला, धुमपुडीच्या बाजूला उभे राहा, कणीक लावलेली ती पुडी कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येते. टाळ जोरात मारू नका, नुसते टेकवा. शेजाऱ्याच्या टाळाकडे बघू नका, त्याच्या पायाकडे बघा, पाय टाळाच्या आधी उचलला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या अभंगापर्यंत बसतं. नाही बसलं तर गजर लागेपर्यंत थांबा, तिथे न बसलेला माणूस मी अजून बघायचाय.